परसात कासव सापडलं तर: ओळख कशी पटवायची, पहिले काही तास कसं सांभाळायचं

पावसाने तळी-डबकी भरली की उन्हाळाभर चिखलात दडून बसलेली कासवं बाहेर पडतात. मुंबईत आरे, पवई, भांडुप, गोराई अशा भागांत मग एखादं कासव सोसायटीच्या आवारात, चाळीच्या चौकात किंवा बैठ्या घराच्या परसात येऊन पोचतं. लोक दयेपोटी बादली पाण्याने भरतात आणि त्यात त्याला सोडतात. नेमकं तिथेच चुकतं. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, त्याला कल्ले नसतात. मान वर काढण्याइतकी ताकद उरली नसेल, तर ते त्याच बादलीत बुडून मरतं. म्हणून पाणी नंतर, आधी ओळख.

उचलण्याआधी थांबा

दहा-बारा फुटांवरून पंधरा मिनिटं नुसतं बघा. कासव चारही पायांवर सरळ चालतंय, जवळ गेल्यावर डोकं आत घेतंय, कुठे जखम नाही आणि आसपास तळं, नाला किंवा दलदल आहे, तर त्याला तुमची गरज नाही. कुत्री बांधा, मुलांना लांब ठेवा, त्याला जाऊ द्या. वाटेत रस्ता असेल तर ज्या दिशेने ते निघालं होतं त्याच दिशेला पलीकडे नेऊन ठेवा. उलट फिरवलंत तर ते पुन्हा रस्त्यावर येईल.

मदत लागते ती अशा वेळी: पाठ तडकलेली, रक्त, नाकातून बुडबुडे, सुजून मिटलेले डोळे, तोंडात अडकलेला गळ, किंवा पाठीला भोक पाडून बांधलेली दोरी. दोरी दिसली तर ते कुणीतरी पाळलेलं होतं असं समजा.

उचलायचं कसं

दोन्ही हातांनी, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला, मागच्या पायांच्या जरा पुढे धरा. शेपटी किंवा पाय धरून कधीच नाही. मऊ पाठीच्या कासवाची मान अनपेक्षित लांब असते, कडेने वळून ते कडकडून चावतं. घाबरलं की मुततं, त्या दचक्याने हातातून सुटतं, म्हणून जमिनीपासून वीतभरच वर धरा. उताणं ठेवू नका, फुप्फुसं पाठीच्या आतल्या बाजूला असतात आणि आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो. पोटाचा फोटो हवा असेल तर एकाने धरावं, दुसऱ्याने खालून झटकन काढावा.

ओळख पायांपासून

पाय वल्ह्यासारखे चपटे आणि बोटं वेगळी नसतील, तर ते समुद्री कासव आहे. जुहू, वर्सोवा, आक्सा या किनाऱ्यांवर पावसाळ्यात लाटांनी फेकलेलं सापडतं ते बहुतेक ऑलिव्ह रिडले. त्याला परत समुद्रात ढकलू नका, थकल्यामुळेच ते किनाऱ्याला लागलेलं असतं. सावलीत ठेवा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर ओलं फडकं घाला. अशा कासवांसाठी डहाणूला उपचार केंद्र आहे, तिथे पोचवायचं काम वनखात्याचं.

पाय हत्तीसारखे खांबट आणि घुमटासारख्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते तारा कासव. हे कोरड्या मुलखातलं, मुंबईचं नव्हेच. चोरट्या विक्रीतून आलेलं असतं. त्याला पोहता येत नाही.

बोटांमध्ये पडदा असेल तर गोड्या पाण्यातलं. आता पाठ बघा. चामड्यासारखी गुळगुळीत, खवल्यांचे चौकोन नाहीत, नाक नळीसारखं पुढे आलेलं, प्रत्येक पायाला तीनच नखं: हे झडपेचं कासव, इंग्रजीतलं फ्लॅपशेल. पोटाकडून बघितलं तर मागचे पाय आत घेतल्यावर त्यांच्यावर दोन मांसल झडपा बंद होताना दिसतात. एकदा बघितलं की विसरत नाही. कडक, काळपट पाठ आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे असतील तर ते काळं तळ्यातलं कासव.

डोळ्यामागे लाल पट्टा म्हणजे विदेशी रेड इअर्ड स्लायडर, असं सगळे पटकन म्हणतात. पण आपल्या देशी छपरी कासवालाही डोळ्यामागे लालसर चंद्रकोर असते आणि तेही बेकायदा विकलं जातं. फरक पाठीत आहे: छपरी कासवाची पाठ कौलारू छपरासारखी मधोमध उंच, आणि तिथे एक टोचरं टोक. शंका असेल तर देशीच समजा.

झडपेचं, तारा आणि छपरी ही तिन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. ती घरात ठेवल्यास ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते, हेतू कितीही चांगला असो. आणि कुणी ‘वीस नखी कासव’ (वीस नखांचं कासव घरात पैसा आणतं अशी समजूत) म्हणून लाखोंची बोली लावली, तर त्या अंधश्रद्धेपायीच कासवं पोत्यांतून नेली जातात हे लक्षात ठेवा. फोटो, पत्ता सोशल मीडियावर टाकू नका.

फोन आणि खोका

वनखात्याची हेल्पलाइन १९२६. जागा, कासवाची लांबी, जखम सांगा आणि वरून, पोटाकडून, डोक्याच्या बाजूने असे तीन फोटो तयार ठेवा. माणूस येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. तेवढ्यासाठी:

कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब घ्या, कासवाच्या दीडपट लांब आणि दुप्पट उंच. झडपेचं कासव चांगलंच चढतं, म्हणून वर जाळी आणि जाळीवर वजन. तळाला पिळलेलं ओलं सुती कापड, दर तीन-चार तासांनी पुन्हा ओलं करायचं. तारा कासवाला मात्र कोरडा खोका आणि वर्तमानपत्र. खोक्याला पेन्सिलीएवढी भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे कडा आत टोचणार नाहीत. टब अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. एसी नको, गॅलरीतलं ऊन नको.

खायला काहीही नाही. दूध, पाव, भात तर नाहीच. एक दिवस उपाशी राहून कासवाला काही होत नाही.

जखम असेल तर

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ (साधारण दीड सपाट चहाचा चमचा) विरघळवा आणि त्याची हलकी धार सोडून चिखल धुऊन काढा. फट खोल असेल, आतलं मांस दिसत असेल तर पाणीही सोडू नका, ते थेट आत शिरतं. स्वच्छ गॉझ ठेवून कागदी चिकटपट्टीने सैल धरा. हळद, फेव्हिक्विक, एम-सील लावू नका: वरून बंद केलेली फट आतून कुजते. पावसाळ्यात एका दिवसात जखमेत अळ्या पडतात. त्या चिमट्याने काढा, टर्पेंटाइन किंवा फिनाइल ओतू नका. गळ ओढू नका, दोरा हातभर लांब ठेवून कापा.

शेवटी साबणाने हात धुवा, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, लहान मुलांना त्यांचा जास्त त्रास होतो.

स्लायडर निघालं तर

त्याला पवईत, बाणगंगेत किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका. ते देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. पूर्ण वाढलेल्या मादीला तीनशे लिटरच्या आसपास पाणी, फिल्टर, चढून बसायला कोरडी जागा आणि यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा लागतो. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं तर पाठ मऊ पडते, कारण कॅल्शियम आणि ऊन दोन्ही कमी पडतं. आयुष्य वीस-तीस वर्षांचं. एवढं झेपणार नसेल तर विदेशी प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे न्या.

कासव गेलं, पण अंडी राहिली

माती उकरलेली दिसली आणि आत पांढरी अंडी असली तर ती फिरवू नका. काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या भागाला चिकटतो, अंडं उलटलं की तो मरू शकतो. माती होती तशी परत ओढा, चार दगड ठेवून जागा आखा, १९२६ वर कळवा, आणि तिथे कुदळ मारायची नाही असं माळीकाकांना सांगून ठेवा.