सिल्व्हर मॉलला जाण्याआधी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी एका लोखंडी पेटीत तीनशे कॅसेटी आहेत. गणेशोत्सवातले कार्यक्रम, रेडिओवरून उतरवलेल्या मैफली, आजीने म्हटलेल्या ओव्या. त्या संगणकावर घ्यायचं ठरलं आणि त्या निमित्ताने घरात एक छोटा सर्व्हर, म्हणजे सगळ्या घराच्या फायली ठेवणारा सतत चालू संगणक, मांडायचं निघालं. डिस्कांची खरेदी मात्र मी महिनाभर लांबवली. त्या महिन्यात जी तयारी केली ती इथे लिहितो आहे, कारण सिल्व्हर मॉलच्या संगणक-बाजारात तयारीशिवाय गेलं की काउंटरवर जी डिस्क पडलेली असेल तीच "भिया, ये बढ़िया चलती है" म्हणत आपल्या पिशवीत येते.

पहिलं काम कागदावरचं: घरात नक्की किती माल आहे ते मोजा. ९० मिनिटांची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घेतली की ३.१ जीबी होते, म्हणजे तीनशेंचे ९३० जीबी. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाला धक्का न लावता फाईल लहान करणाऱ्या पद्धतीत, ते बरंच कमी होतं, पण हिशेब सैल हातानेच करावा. त्यात सगळ्यांच्या फोनमधले फोटो, लग्नमुंजींचे व्हिडिओ, बाबांचे स्कॅन केलेले कागद मिळवून आमचे अडीच टीबी झाले. पुढच्या पाच वर्षांसाठी दुप्पट धरले. डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर भरायची नाही हे पथ्य पाळायचं तर ६ टीबी तोकडी पडत होती, म्हणून ८. ही ८ टीबीची डिस्क संगणकात ७.२८ दिसेल, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या. त्यावरून दुकानात वाद घालू नका.

किती डिस्क घ्यायच्या, यावर माझं मत ठाम आहे: घरासाठी दोन मोठ्या, एकीची दुसरीवर जशीच्या तशी नक्कल, म्हणजे मिरर. चार लहान डिस्कांचा रेड-५ (माहिती सगळ्या डिस्कांवर वाटून ठेवायची आणि एक गेली तरी निभावायची रचना) कागदावर स्वस्त दिसतो, पण चार डिस्क म्हणजे जास्त उष्णता, चार केबली आणि बिघडायला चार जागा. शिवाय किमतीला टीबीने भागून पाहिलं की १-२ टीबीच्या डिस्का बहुधा सगळ्यात महाग पडतात. भागाकार प्रत्येक आकाराचा करा; फरक बघून माझे डोळे उघडले होते.

आता खरा मुद्दा, आणि इथेच मी स्वतः एकदा ठेचकाळलो आहे. डिस्कवर माहिती गोलाकार पट्ट्यांत लिहिली जाते. सीएमआर पद्धतीत या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतं आणि डिस्क स्वस्त पडते. पण कौलारू छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं आधी उचलावी लागतात. तसंच इथे थोडं बदलायला बरंच पुन्हा लिहावं लागतं. कधीतरी फायली टाकून ठेवायच्या तर हे जाणवतही नाही. पण मिररमधली एक डिस्क गेली आणि नव्या डिस्कवर सगळं सलग उतरवायची वेळ आली की ही पद्धत दम टाकते. माझ्या जुन्या सर्व्हरवर अशा डिस्कवर फक्त दीड टीबी उतरवायला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस घरातली एकुलती शाबूत प्रत दुसऱ्या डिस्कवर होती. मी रात्री उठून डिस्कचा दिवा बघत होतो.

गंमत म्हणजे पाकिटावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का, म्हणजे खास घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, एसएमआर आहेत हे उघड झालं. मोठा गदारोळ झाला आणि मग कंपनीने सीएमआर डिस्का रेड प्लस या नावाने वेगळ्या काढल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत, तर साध्या बॅराकुडामधल्या बऱ्याच एसएमआर. तोशिबाची एन३०० सीएमआर. म्हणून नुसतं नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर वहीत लिहून न्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. एका अक्षराने जात बदलते.

कंपनी कुठली, हे विचारणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. जगात आता तीनच कंपन्या हार्ड डिस्क बनवतात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. प्रत्येकीची शपथ घेणारा आणि प्रत्येकीला शिव्या घालणारा तुम्हाला एकाच चहाच्या टपरीवर भेटेल. याहून बरा आधार म्हणजे बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्का किती बिघडल्या त्याचे आकडे देते आहे ते. २०२४ मध्ये सगळ्या मिळून वर्षाला १.५७ टक्के गेल्या. म्हणजे शंभरात दीड. एकाच कंपनीची दोन मॉडेलं त्यात टोकाची निघतात: सीगेटची ३ टीबीची एक डिस्क तिथे बदनाम झाली आणि त्याच कंपनीची ४ टीबीची बरीच बरी चालली. आकडे बघा, पण त्यांच्या डिस्का थंडगार खोलीत अखंड चालतात आणि आपल्या मे महिन्यात, हे विसरू नका.

दुकानांत सीसीटीव्हीच्या डिस्का भरपूर असतात, कारण खप त्यांचा आहे. त्या सलग लिहिण्यासाठी जुळवलेल्या असतात. सीएमआर असेल आणि दर खरंच कमी असेल तर चालेल. दोनचारशे रुपयांसाठी नको. मिनिटाला ७२०० फेऱ्यांचा हट्टही सोडा. घरातल्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं, तेवढं ५४०० वालीही आरामात देते आणि कमी तापते. बाहेरची यूएसबी डिस्क फोडून आतली काढायची युक्ती स्वस्त पडते, पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. लहान पोर्टेबलमध्ये तर पुष्कळदा यूएसबीची जोडणी थेट सर्किट बोर्डावरच असते, संगणकातल्या डिस्कांना लागते ती साटाची केबल लावायला जागाच नाही.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला जाताना तीन गोष्टी तपासायच्या. पाकिटावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला आहे ना. सीरियल नंबर तिथेच उभ्या उभ्या फोनवरून कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन वर्षं, मोठ्या व्यावसायिक डिस्कांना सहसा पाच. दुसऱ्या संगणकातून काढलेली किंवा दुसऱ्या देशासाठीची डिस्क असेल तर ते पान बहुधा तिथेच सांगतं. आणि पक्कं, जीएसटीचं बिल, ज्यावर सीरियल नंबर लिहिलेला आहे. "बिल नहीं लोगे तो कम लगा दूँगा" हे ऐकलं की हसून पुढच्या दुकानात. ऑनलाइन मागवली तर खोकं उघडताना व्हिडिओ घ्या. डिस्क पातळ पाकिटात खडखडत आली असेल तर जोडून बघण्याआधीच परत करा.

नवी म्हणून जुनी गळ्यात मारली जाते, हे खोटं नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास चाललेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचं बाहेर आलं. स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातला, तासांचा आकडा पुसून शून्य केलेला होता. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची दुसरी नोंद असते, ती स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत वाचता येते. दोन्हींतले तास जुळले पाहिजेत. जुनी समजून, जुन्याच्या भावात आणि दुकानदाराच्या वर्षभराच्या हमीवर घेतली तर माझा विरोध नाही, फक्त ती सास, म्हणजे मोठ्या व्यावसायिक सर्व्हरांच्या, जोडणीची नाही ना ते बघा; घरच्या मदरबोर्डवर ती चालत नाही.

डिस्क घरी यायच्या आधी जागा आणि लाइट. माझा पहिला सर्व्हर माळ्यावर होता, पत्र्याखाली, आणि मे महिन्यात दुपारी डिस्क ५४ अंश दाखवत होती. कंपन्या साधारण ६० पर्यंत चालेल म्हणतात. मी ४५ च्या पुढे अस्वस्थ होतो. आता तो जिन्याखाली आहे, समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा. पहिल्या पावसात लाइट तीन-चारदा झपकते, आणि घरचा इन्व्हर्टर पालटायला जो क्षण घेतो तेवढ्यात सर्व्हर बंद पडू शकतो. म्हणून वेगळा छोटा यूपीएस, आणि त्याला यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

दोन्ही डिस्का एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेऊ नका. एका लॉटच्या डिस्का एकाच खोक्यात धक्के खात आलेल्या असतात, म्हणून त्या बरोबरच बिघडू शकतात.

घरी आणली की लगेच डेटा टाकायची घाई नको. आधी स्मार्टची लांब चाचणी, ८ टीबीला साधारण रात्रभर आणि थोडी सकाळ. मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमने लिहून वाचायची पूर्ण चाचणी. ती डिस्कवरचं सगळं पुसते, ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो आणि चार-पाच दिवस चालते. शेवटी पुन्हा लांब चाचणी. स्मार्टच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या, खराब जागा मोजणाऱ्या, क्रमांकांपुढे कच्चा (रॉ) आकडा शून्यच हवा. एक जरी दिसला तरी दुकानाच्या बदलीच्या मुदतीत डिस्क परत, कितीही चांगली चालत असली तरी. १९९ वाढला तर आधी केबल बदलून बघा. सीगेटमध्ये १ आणि ७ पुढे भलेमोठे आकडे दिसतात, ते तसेच असतात.

मिरर म्हणजे बॅकअप नाही. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. तिसरी डिस्क, साधी यूएसबीवाली, इथे एसएमआर चालेल, दर तीन महिन्यांनी भरून ताईकडे देवासला जाते. आणि सर्व्हरच्या प्रत्येक ट्रेवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर त्या डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं-आकडे आणि खरेदीची तारीख लिहा. एक डिस्क गेली असेल त्या रात्री घाबऱ्या हाताने भलतीच ओढली जाते.