तळ्याकाठी गळ टाकायला गटाने जाताना

पाच-सहा जणांनी मिळून गळाने मासे धरायला जायचे ठरवले, तर सामान जमवण्याआधी परवानगीचे पाहावे. कारण मराठवाड्यातील बऱ्याच जलाशयांतील मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि पैठणचा नाथसागर तर पक्षी अभयारण्यही आहे. पूर्णेवरील येलदरी किंवा सिंदफणेवरील माजलगाव ठरल्यास एकाने आधी जाऊन तिथल्या मच्छीमारांशी बोलून यावे. पावसाळ्याचे सुरुवातीचे महिने टाळावेत, कारण तो रोहू-कटल्याच्या विणीचा काळ असतो.

मृगळ तळाशी, रोहू मधल्या थरात आणि कटला वरच्या थरात चरत असल्याने तरंगा व गळ यांतील अंतर त्याप्रमाणे ठेवावे. आमिषासाठी कणकेत शेंगदाण्याची भाजलेली पेंड कुटून घालावी आणि पाणी थेंबाथेंबाने घेत मळावे. गोळा चिमटीत दाबला असता कडेला भेगा पडल्या, तर तो पाण्यात पडताच सुटणार हे नक्की. मरळ मात्र अशा गोळ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याला गांडूळ किंवा लहान मासाच लागतो.

काठावर दोघांत किमान पंधरा फूट अंतर असावे व गळ फेकण्यापूर्वी मागे पाहावे. पाणी ओसरलेल्या जागी काळी माती वरून वाळलेली दिसते, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो; म्हणून काठीने चाचपूनच पुढे जावे. भाकरी, ठेचा आणि पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.