पीकरोग ओळखणाऱ्या ॲपची बातमी कशी तपासावी

‘पानाचा फोटो काढा, रोग ओळखा, अचूकता ९९ टक्के’ अशी एखाद्या नव्या स्टार्टअपची बातमी आली, की जळगाव-धुळ्यातील प्रोग्रॅमरला गावाकडून हमखास विचारणा होते. उत्तर देण्यापूर्वी बातमी बाजूला ठेवून तिच्यामागचा मूळ शोधनिबंध उघडावा आणि ही अचूकता कोणत्या छायाचित्रांवर मोजली आहे, एवढेच आधी शोधावे.

याचे कारण २०१६ च्या एका गाजलेल्या निबंधात दिसते. ‘प्लांटव्हिलेज’ या संचातील ५४,३०६ छायाचित्रांवर शिकवलेल्या संगणकीय प्रारूपाने (मॉडेलने) त्याच संचातील राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर ९९.३५ टक्के अचूकता गाठली. मात्र वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दिल्यावर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. लेखकांनी ही घसरण निबंधातच नोंदवली आहे. बातम्यांत मात्र बहुधा पहिलाच आकडा उरतो. शिवाय या संचातील १४ पिकांमध्ये टोमॅटो, बटाटा, मका, सोयाबीन आहेत. खान्देशाची केळी नाही आणि कापूसही नाही. म्हणून पिकांची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर छायाचित्रांची विभागणी तपासावी. एकाच पानाचे चार कोनांतून काढलेले फोटो प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही भागांत गेले असतील, तर यंत्र रोग नव्हे, ते पान ओळखत असते. विभागणी शेतानुसार केलेली असल्यास दाव्यावर अधिक भरवसा ठेवता येतो.

सर्वांत जास्त वेळ चुकीच्या इशाऱ्यांच्या हिशेबाला द्यावा. समजा, केळीच्या १,००० झाडांच्या बागेत २० झाडांना सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आहे आणि ॲप रोगट व निरोगी अशी दोन्ही झाडे ९५ टक्के वेळा बरोबर ओळखते. ते १९ रोगट झाडे पकडेल, पण ९८० निरोगी झाडांपैकी ४९ झाडांनाही रोगट ठरवेल. म्हणजे ६८ इशाऱ्यांपैकी खरे १९ च. सीएमव्हीवर उपचार नसल्याने झाड उपटून नष्ट करावे लागते, त्यामुळे नुसत्या इशाऱ्यावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याची ४९ चांगली झाडे जातील. बातमीत ‘अचूकता’ हा एकच आकडा असेल आणि चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण नसेल, तर ते कंपनीकडे लेखी मागावे. किती कोटींचा निधी मिळाला, याचा या प्रश्नाशी संबंध नाही.

ॲप उपलब्ध असल्यास स्वतः चाचणी घ्यावी. निरनिराळ्या बागांतून सकाळच्या उजेडात, भर दुपारी, धूळ बसलेल्या पानांचे, मागे ठिबकची नळी किंवा शेजारचे झाड दिसत असलेले फोटो घ्यावेत. निरोगी पाने, करपा झालेली पाने आणि पालाशाच्या कमतरतेने कडा पिवळ्या पडलेली पानेही त्यात असावीत, कारण खरी गफलत अशा दिसायला जवळच्या प्रकारांतच होते. प्रत्येक पानाचे निदान ॲप उघडण्याआधी जाणकाराकडून लिहून घ्यावे. त्यासाठी जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. ॲपचे उत्तर आधी पाहिले, तर माणसाचे निदानही नकळत त्याच्याकडे झुकते.

निकाल प्रत्येक रोगासाठी वेगळा मांडावा. गावाकडे कळवताना किती झाडे सुटली आणि किती निरोगी झाडांवर खोटा इशारा आला, हे दोनच आकडे सांगावेत आणि ते कोणत्या महिन्यातील पाहणीचे आहेत, याची नोंद सोबत द्यावी.