गावी निघण्याआधी मुलांची कार सीट: आदल्या संध्याकाळची तयारी

सीट माळ्यावरून आदल्या संध्याकाळीच खाली काढा. कात्रजची गर्दी टाळायची म्हणून पहाटे घर हलत असतं, पार्किंगमध्ये धड उजेड नसतो, आणि त्या घाईत पट्टा कुठून कुठे गेलाय हे कोणालाच दिसत नाही. रोज गाडीत असणाऱ्या सीटची गोष्ट वेगळी. दिवाळीला आणि मे महिन्यातच बाहेर पडणाऱ्या सीटला निवांत अर्धा तास द्यावाच लागतो.

पाणी, डायपर, उलटीसाठी पिशवी, जादा कपडे. हे कोणी विसरत नाही.

आधी मुलाचं वजन आणि उंची बघा. दिवाळीत बसवलेलं मूल मे महिन्यात तेवढंच राहिलेलं नसतं. सीटच्या लेबलवर वजनाची किंवा उंचीची मर्यादा छापलेली असते, ती वाचा आणि खांद्याचे पट्टे नव्याने लावा. मुलाचं तोंड मागे असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे असेल तर रेषेत किंवा किंचित वरून. पंधरा महिन्यांच्या आत तोंड मागेच, आणि त्यानंतरही सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा. "पाय दुमडतात बिचारीचे" असं घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच. दुमडू देत. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. गाडी समोरून आदळली तर मागे तोंड असलेल्या बाळाचा भार सीटची पाठ झेलते. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर मागे तोंड करून बाळ बसवायचं नाही. यावर घरात चर्चासुद्धा नको.

मग गाडी कोणाची ते ठरवा. स्वतःची असेल तर ठीक. सासऱ्यांची किंवा भाड्याची असेल तर आधीच फोन करून मागच्या सीटचे फोटो मागवा. मागे तीन ठिकाणी अडकणारे बेल्ट आहेत का? जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, त्यावर तीन-पॉइंट बेल्टची सीट लावता येत नाही. आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टशिवाय सीटचे हूक थेट गाडीला अडकवायच्या कड्या आहेत का? आणि टॉप टेदरची कडी कुठे आहे?

हा टॉप टेदर. गेल्या वेळी आमचा राहिला तो हाच, म्हणून इथे थांबा आणि नीट वाचा. पुढे तोंड असलेल्या आयसोफिक्स सीटचे दोन्ही हूक खटकन बसतात, लाल खूण हिरवी होते, आणि काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. ते दोन हूक सीटला फक्त खालून धरतात. जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली की सीटचा वरचा भाग पुढे झुकतो आणि मुलाचं डोकं पुढच्या सीटवर आपटण्याइतकं पुढे जाऊ शकतं. वरचा भाग मागे धरून ठेवतो तो सीटच्या पाठीमागचा लांब पट्टा, म्हणजे टॉप टेदर. काही सीटना त्याऐवजी जमिनीवर टेकणारा पाय असतो. दोन्हीपैकी काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, पण तिसरा आधार लागतोच.

त्याची कडी सेडानमध्ये बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असते, हॅचबॅकमध्ये मागच्या सीटच्या पाठीवर डिकीच्या बाजूने. शेजारी नांगराचं चिन्ह शोधा. डिकीत सामान बांधायच्या कड्या असतात, त्यात हूक अडकवू नका. त्या पिशव्यांसाठी आहेत. पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून न्यायचा की वरून, तेही मॅन्युअल सांगतं. पट्ट्याला पीळ नको. हूक अडकवून ओढून ताठ करा. म्हणूनच बॅगा डिकीत टाकायच्या आधी टेदर. बॅगा एकदा वरपर्यंत भरल्या की त्या पुन्हा उपसायला कोणी तयार होत नाही.

आता गाडीचा बेल्ट किंवा खालचे हूक जिथे अडकतात तिथे सीट धरून हलवा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. मूल बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. पहाटे गार असतं म्हणून जाड जॅकेट घालून बांधू नका. धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधा, मग वरून पांघरूण.

खंबाटकी घाटात मूल रडायला लागलं की आजी म्हणणार, "दे गं इकडे, मी घेते मांडीवर." प्रेमाने म्हणतात, पण नाही म्हणा. ताशी 50 किलोमीटरवर असलेली गाडी धडकेत अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर 10 किलोच्या बाळाचा ओढा साधारण 200 किलोइतका होतो. कोणाच्याही हातात ते राहणार नाही. आजींना हे निघण्याआधी घरातच सांगा, घाटात नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 194ब नुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर 1000 रुपये दंड आहे. आजोबांना समजवायला तो उपयोगी पडतो.

सीट कोणाकडून मागून आणली असेल तर अपघातातली नाही ना, मुदत उलटली नाही ना, एवढं विचारा. मॅन्युअलशिवाय घेऊ नका.

वाटेत दोन तासांच्या आत थांबा आणि बाळाला सीटबाहेर काढा. उन्हात गाडी उभी करताना बकलवर ओढणी टाका, धातू चटकतो. मूल गाडीत एकटं ठेवायचं नाही, चहापुरतंही नाही.

परतताना गावाकडून तांदळाचं पोतं आणि आंब्याची पेटी येते. त्यासाठी कोणीतरी मागची सीट आडवी करतं आणि टेदर काढून ठेवतं. सामान कमी करा, नाहीतर पोतं पुढच्या वेळी न्या. सीटची पाठ उभी करून लॉक झाली का बघा, टेदर लावून ताणा, आणि ते स्वतःच्या हाताने करा.