व्हिक्टोरियन जनगणनेच्या कागदावरून घराचा वर्ग कसा ओळखायचा

इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेचं पान उघडलंत की नावं वाचत बसू नका, सरळ 'कुटुंबप्रमुखाशी नातं' हा रकाना बघा. तिथे 'सर्व्हंट' दिसलं तर घर बहुतेक मध्यमवर्गीय किंवा त्याच्या वरचं, कारण घरात एक तरी मोलकरीण असणं ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती. पण शेतावरच्या गड्यालाही सर्व्हंटच लिहायचे, म्हणून व्यवसायाचा रकाना बघितल्याशिवाय काही ठरवू नका. मग मोलकरणीचं वय बघा, कधी कधी तेरा-चौदा वर्षांची पोर असते, पहाटे उठून शेगडी पेटवणं, कोळसा वर नेणं, भांडी, फरशी सगळं एकटीच्या अंगावर, खरंच पोटात तुटतं वाचताना. बटलर, कोचमन वगैरे असतील तर बडं घर. 'फंडहोल्डर' म्हणजे व्याजावर जगणारा. 'स्कॉलर' म्हणजे शिकणारं मूल, शाळेची सक्ती मात्र थेट १८८० ला आली.

आणि 'पॉपर' म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा गरीब असं दिसलं तर ते बहुधा वर्कहाउसचं, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या सरकारी आश्रमाचं पान, तिथे गरिबांच्या मदतीबद्दलच्या १८३४ च्या कायद्यानंतर नवरा, बायको, मुलं वेगवेगळी ठेवायचे, त्यामुळे एकच आडनाव पुढच्या पानांवरही शोधा, आई कुठेतरी खाली सापडते.