दिवाळीपूर्वी सोसायटीने फटाक्यांचे नियम कसे ठरवावेत

बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांत फटाक्यांविषयीची सूचना वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी फलकावर लागते आणि तिच्यात ‘फटाके जपून उडवावेत, इतरांना त्रास होऊ देऊ नये’ यापलीकडे काहीही नसते. अशा सूचनेचा उपयोग होत नाही, कारण फटाके कोठे उडवायचे, किती वाजेपर्यंत उडवायचे आणि नियम मोडला गेल्यास कोणाला सांगायचे, हे तिच्यातून कळत नाही. मग पाडव्याच्या रात्री साडेदहा वाजता सचिवांच्या दाराची बेल वाजते, आणि त्या रात्री शेजाऱ्यांत झालेली बोलाचाली पुढे वर्षभर पार्किंगपासून पाण्यापर्यंत प्रत्येक विषयात डोके वर काढत राहते. हे टाळायचे असेल तर नियम दिवाळीच्या आधी, सभेत आणि लेखी ठरले पाहिजेत.

त्यासाठी कायद्यानेच सोयीची वेळ दिलेली आहे. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि दिवाळी त्यानंतर येते, म्हणून या सभेच्या विषयपत्रिकेवरच ‘दिवाळीतील फटाके : जागा, वेळ व जबाबदारी’ असा स्वतंत्र विषय घ्यावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, वार्षिक सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते; ती संधी हुकली असल्यास विशेष सर्वसाधारण सभा पाच दिवसांच्या सूचनेवर बोलावता येते. केवळ व्यवस्थापक समितीने ठरवलेल्या नियमापेक्षा सभेने संमत केलेल्या ठरावाला सभासद अधिक मान देतात. सभेत भाडेकरूंना मत नसते, परंतु फटाके त्यांची मुलेही उडवतात, म्हणून मसुदा त्यांनाही आधी वाचायला द्यावा.

सभेत चर्चा सुरू होण्यापूर्वी अध्यक्षांनी एक गोष्ट स्पष्ट करावी, ती म्हणजे कायद्याने घातलेली मर्यादा सोसायटीला सैल करता येत नाही; फक्त अधिक कडक करता येते. ‘आमच्याकडे साडेअकरापर्यंत चालते’ असा ठराव बहुमताने झाला तरी त्याला काही किंमत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके उडवण्यावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक निकालापासून आहे आणि पुढे २०१० साली ती ध्वनिप्रदूषण नियमांतही समाविष्ट झाली. २३ ऑक्टोबर २०१८ रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेळ आणखी मर्यादित केली : दिवाळीसारख्या सणाला रात्री ८ ते १०, आणि नाताळ व नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३०. हे आदेश केवळ दिल्लीपुरते नाहीत, हे त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. त्याच महिन्यात मुंबईतील हवा बिघडल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने आधी सायंकाळी ७ ते १० अशी वेळ दिली होती, ती चारच दिवसांत ८ ते १० अशी कमी केली. त्यामुळे ठरावात वेळ लिहिताना ‘रात्री ८ ते १०, किंवा त्या वर्षीच्या न्यायालयीन वा पोलिसांच्या आदेशाने याहून कमी वेळ ठरल्यास ती वेळ’ असे शब्द वापरावेत. म्हणजे ऐनवेळी आदेश बदलला तरी ठराव बदलावा लागत नाही.

वेळेच्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न नरकचतुर्दशीच्या पहाटेचा असतो, आणि समितीने तो टाळू नये. अभ्यंगस्नान, उटणे, पायाखाली चिरडलेले कारीट आणि त्यानंतर अंगणात वाजणारा पहिला फटाका ही कित्येक घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि ‘आमच्या गल्लीत पहिला आवाज आमचा’ ही मुलांची हौस मला मनापासून समजते. तरीही पहाटे पाचची वेळ रात्रीच्या बंदीत मोडते, आणि सहानंतरची वेळसुद्धा आठ ते दहाच्या मर्यादेबाहेरच राहते. तामिळनाडूत दिवाळी मुख्यतः पहाटेची असल्याने त्या राज्याला दोन तास आपल्या सोयीने ठरवण्याची मुभा २०१८ मध्येच मिळाली. परंतु ती तामिळनाडू व पुदुच्चेरीपुरती होती, तिचा दाखला देऊन आपल्याकडे पहाटे फटाके लावता येणार नाहीत. त्या पहाटे अंगणात पणत्या, आकाशकंदील, रांगोळी आणि सनई लावून सामूहिक फराळ ठेवला तर मुलांना लवकर उठण्याचे कारण उरते आणि तान्ह्या बाळाच्या किंवा आजारी माणसाच्या झोपेलाही धक्का लागत नाही.

कोणते फटाके आणायचे, हा ठरावातील पुढचा भाग. २०१८ च्या निकालानुसार फक्त कमी प्रदूषण करणारे, म्हणजे ‘हरित’ फटाकेच विकता व उडवता येतात, आणि हा नियम लग्नाच्या वरातीलाही लागू आहे. हरित फटाक्यांचे सूत्र नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तयार केले असून त्यांतून धूलिकण साधारण तीस टक्के कमी बाहेर पडतात. खोक्यावर नीरीचे चिन्ह, क्यूआर कोड आणि उत्पादकाचे पूर्ण नाव-पत्ता आहे की नाही, हे विकत घेतानाच पाहावे आणि तो कोड दुकानातच मोबाइलवर तपासावा, कारण चिन्ह छापणे सोपे असते. हरित म्हणजे बिनआवाजाचा नव्हे, हेही सभासदांना सांगावे. पुष्कळांची तशी समजूत असते. माळा, मग ती शंभराची असो वा दहा हजारांची, आणि बेरियमची संयुगे असलेले फटाके याच निकालाने बंद केले आहेत, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला दुकानदारांनी लावायच्या लांबलचक माळेला सोसायटीच्या फाटकासमोरही परवानगी देता येत नाही. फटाक्यांची ऑनलाइन विक्रीही बंद आहे, म्हणून घरपोच मागवलेले खोके रखवालदाराने ताब्यात घेऊ नये, अशी सूचना द्यावी. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी, आणि फटाके लोकलने किंवा रेल्वेने आणू नयेत. रेल्वे कायद्याखाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आवाजाची कायदेशीर मर्यादा अशी की फटाका फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज होता कामा नये. ही मोजणी सोसायटीच्या आवाक्यातली नाही, त्यामुळे मोबाइलमधील ॲपवर आकडा दाखवून शेजाऱ्याशी भांडण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी सभेने थेट प्रकारांवर बंदी घालावी. सुतळी बॉम्ब आणि बाण हे दोन प्रकार आवारात नकोतच, असे माझे मत आहे. सुतळी बॉम्बचा आवाज चारी बाजूंनी इमारती असलेल्या चौकात घुमतो. बाणाचे तर लावणाऱ्याच्या हातात काही राहतच नाही : रिकाम्या बाटलीत उभा केलेला बाण वात पेटल्यावर बाटलीसकट कलतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या ओढणीत किंवा कागदी आकाशकंदिलात जाऊन शिरतो. वरच्या घरात त्या वेळी कोणी नसेल तर आग लागल्याचे खाली उभ्या असलेल्यांना धूर दिसल्यावरच कळते.

सोसायटीपासून शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा, महाविद्यालय किंवा न्यायालय असल्यास तो भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, आणि तसे असल्यास तेथे आवाजाचे फटाके दिवसा किंवा रात्री, केव्हाही उडवता येत नाहीत. शहरांतील दाट वस्तीत हे अंतर सहज भरते. म्हणून आपल्या फाटकापासून जवळचे प्रसूतिगृह किती दूर आहे, हे समितीने प्रत्यक्ष पाहावे.

आता जागा. माझ्या मते सगळ्या नियमांत हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण जागा एकदा नक्की झाली की निम्मे वाद आपोआप मिटतात. गच्ची, बाल्कनी, जिना, पोडियम आणि झाकलेले वाहनतळ ही ठिकाणे पूर्णपणे वर्ज्य ठेवावीत. उरलेल्या मोकळ्या जागेची समितीतील दोघांनी संध्याकाळच्या उजेडात पाहणी करावी आणि जवळ पाइप गॅसचे मीटर, जनरेटरचा डिझेलसाठा, विजेचा ट्रान्सफॉर्मर, विजेवरील गाड्यांचा चार्जिंग पॉइंट, वाळलेल्या पानांचा ढीग किंवा रंगकामासाठी लावलेली हिरवी जाळी तर नाही ना, हे बघावे. परांचीवरची ती जाळी ठिणगीने पाहता पाहता पेटते, आणि रंगकाम तर अनेक सोसायट्यांत नेमके दिवाळीच्या तोंडावर निघते. अग्निशमन दलाची गाडी आत येण्याचा मार्ग त्या दोन तासांत पूर्ण मोकळा राहिला पाहिजे, त्यामुळे पाहुण्यांच्या गाड्या कोठे लावायच्या हेही त्याच ठरावात लिहावे. निवडलेल्या जागेभोवती चुन्याची रेघ ओढावी, फटाके लावणारा रेघेच्या आत आणि बघणारे बाहेर, अशी शिस्त ठेवावी. आवारात योग्य जागा सापडलीच नाही, तर तसे ठरावात नमूद करून आवारात फक्त फुलबाज्या व पणत्यांना परवानगी द्यावी आणि स्थानिक प्रशासनाने जवळपास सामुदायिक आतषबाजीसाठी मैदान ठरवले असल्यास तेथे जाण्यास सुचवावे. लहान आवार असलेल्या सोसायट्यांना हाच पर्याय सोसवतो, आणि तो स्वीकारण्यात कमीपणा नाही.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षा यंत्रणेची तपासणी करून तिचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. दिवाळीच्या आठवड्यात मात्र प्रमाणपत्र पाहून न थांबता पंप चालू करून नळीला पाणी येते की नाही, हे स्वतः बघावे. ठरलेल्या जागेजवळ पाण्याने भरलेल्या चार बादल्या, वाळूची एक बादली आणि एक अग्निशामक नळकांडे ठेवावे. प्रत्येक दिवसासाठी दोन जबाबदार सदस्य नेमावेत. हे काम रखवालदारावर ढकलू नये, कारण सभासदाच्या मुलाला अडवणे त्याला जमत नाही आणि अडवले तर बोलणी त्यालाच बसतात.

फलकावर लावायची सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘सर्व सभासद व भाडेकरूंना कळविण्यात येते की, सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार यंदाच्या दिवाळीत फटाके फक्त मागील फाटकालगतच्या आखलेल्या जागेत आणि रात्री ८ ते १० या वेळेतच उडवता येतील. गच्ची, बाल्कनी, जिना, पोडियम व वाहनतळ येथे फटाके उडवण्यास मनाई आहे. केवळ हरित फटाके आणावेत. माळा, सुतळी बॉम्ब व बाण आणू नयेत. चौदा वर्षांखालील मुलांसोबत घरातील प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक आहे. त्या त्या दिवशीच्या जबाबदार सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक खाली दिले आहेत.’ ही सूचना फलकावर, लिफ्टमध्ये आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर निदान दहा दिवस आधी लावावी.

फटाके लावण्याची पद्धतही एकदा मुलांना जमवून दाखवावी. सुती कपडे व बंद बूट घालावेत, वात लांब उदबत्तीने किंवा फुलबाजीने हात लांब ठेवून पेटवावी, चेहरा फटाक्यावर झुकवू नये, आणि अनार हातात धरून लावू नये. फुलबाजीला पालक निरुपद्रवी समजतात, परंतु तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. विझलेली काडीही तापलेलीच असते, म्हणून ती जमिनीवर न टाकता लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावी. न फुटलेल्या फटाक्याजवळ लगेच जाऊ नये व तो पुन्हा पेटवू नये. निदान वीस मिनिटे थांबून त्यावर पाणी ओतावे.

भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा; बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. डोळ्याला इजा झाल्यास डोळा चोळू नये, दाबू नये, त्यात थेंब घालू नयेत. वर कागदी पेला अलगद धरून थेट रुग्णालयात न्यावे. १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक सूचनेखाली ठळक लिहावेत.

नियम मोडला गेल्यास प्रथम जबाबदार सदस्यांनी दारावर जाऊन शांतपणे सांगावे. पुन्हा तसेच घडल्यास समितीने लेखी नोटीस द्यावी. दंड करायचा असेल तर उपविधीतील रीत पाळावी लागते : कारणे दाखवा नोटीस, खुलाशाची संधी आणि सर्वसाधारण सभेचा निर्णय, देखभाल बिलात परस्पर रक्कम टाकणे टिकत नाही. धोका चालू असेल तर मात्र सभेची वाट पाहू नये, ११२ वर कळवावे. आदेशांचे पालन करून घेण्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला न्यायालयाने व्यक्तिशः जबाबदार धरले आहे, आणि स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली गुन्हा आहे. कुत्र्याच्या शेपटीला फटाका बांधणे हाही प्राणिक्रौर्याचा गुन्हाच आहे, त्याकडे पोरखेळ म्हणून दुर्लक्ष करू नये.

दहा वाजता जबाबदार सदस्यांनी जागा पाण्याने भिजवावी. न फुटलेले फटाके वेगळे करून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत आणि सकाळी ते वेगळ्या पिशवीत, वर ‘भिजवलेले फटाके’ असे लिहून, घंटागाडीवरच्या कामगाराला सांगून द्यावेत. कोरड्या कचऱ्यात मिसळलेला जिवंत फटाका कचरा वेचणाऱ्याच्या हातात फुटू शकतो. झाडलोट करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या चार दिवसांच्या जादा कामाचे वेगळे पैसे आणि हातमोजे व मास्क द्यावेत, आणि त्या खर्चाची तरतूद ठरावातच करून ठेवावी.