मीठ मिसळलेले पोटॅशियम नायट्रेट शुद्ध कसे करावे: विद्राव्यतेचे आकडे वापरून

मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. कालवले की वेगळे ओळखता येत नाहीत आणि पाण्यात टाकले की उरते ते नितळ द्रावण. नितळ म्हणजे शुद्ध, हा समज इथेच सोडून द्यावा. शुद्ध पदार्थात एकच मूलद्रव्य किंवा एकच संयुग असते आणि त्याचे संघटन ठरलेले असते. मिठाचे पाणी सगळीकडे सारखे, म्हणजे समांगी असले तरी ते मिश्रणच, कारण त्यातले मीठ हवे तसे कमी-जास्त करता येते.

मिश्रणात वाळू असती तर गाळून काम भागले असते. इथे दोन्ही क्षार पाण्याबरोबर गाळणकागदातून आरपार जातात. मग उपयोगी पडतो तो विद्राव्यतेतला फरक. ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात एखाद्या पदार्थाचे जास्तीत जास्त जितके ग्रॅम विरघळतात, ती त्याची त्या तापमानाची विद्राव्यता.

० अंश सेल्सिअस: पोटॅशियम नायट्रेट १३.३, मीठ ३५.७
२० अंश: पोटॅशियम नायट्रेट ३१.६, मीठ ३५.९
६० अंश: पोटॅशियम नायट्रेट ११०, मीठ सुमारे ३७

तापमान वाढले तरी मीठ जवळपास जागचे हलत नाही आणि नायट्रेट मात्र आठपटीने वाढते. सगळी पद्धत याच फरकावर उभी आहे.

साहित्य

पोटॅशियम नायट्रेट ४५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड (म्हणजेच मीठ) ५ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली आणि धुण्यासाठी थोडे जास्तीचे. २५० मिलीचे चंचुपात्र, काचकांडी, तापमापी, नरसाळे, गाळणकागद, बर्फ, वजनकाटा. मीठ प्रयोगशाळेतलेच घ्यावे. खाण्याच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, त्यातले काही विरघळत नाहीत आणि द्रावण गढूळ दिसते.

चष्मा घालावा. पोटॅशियम नायट्रेट ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ते इतर पदार्थांच्या जळण्याला ऑक्सिजन पुरवते. कोळसा, साखर किंवा गंधक त्याच्या जवळपासही नको आणि ते कोरडे तापवू नये.

कृती

मिश्रण चंचुपात्रात घेऊन त्यावर ५० मिली पाणी ओता आणि ढवळा. पात्र बाहेरून गार लागेल, कारण नायट्रेट विरघळताना उष्णता शोषून घेते. बराचसा भाग तळाशी राहील, राहू द्या.

आता मंद आचेवर ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवा. ढवळायला काचकांडीच वापरा, तापमापी नव्हे. ६० अंशांना ५० ग्रॅम पाणी ५५ ग्रॅम नायट्रेट सामावून घेते आणि आपल्याकडे ४५ ग्रॅमच आहे, म्हणून सगळे विरघळायला हवे. द्रावण उकळू देऊ नका. पाणी उडून गेले की पुढचा सारा हिशोब चुकतो.

सगळे विरघळले की आच बंद करून पात्र झाकून ठेवा आणि खोलीच्या तापमानापर्यंत आपोआप निवू द्या. इथे घाई केली तर स्फटिक बारीक पडतात, एकमेकांना चिकटतात आणि मिठाचे द्रावण मधल्या फटींत अडकवून ठेवतात. सावकाश थंड झालेल्या द्रावणात लांब, सुईसारखे स्फटिक वाढताना दिसतात. निवल्यावर पात्र १५ मिनिटे बर्फात ठेवा.

कधी कधी द्रावण गार होते तरी एकही स्फटिक पडत नाही. ते अतिसंपृक्त झालेले असते, म्हणजे त्या तापमानाला मावते त्याहून जास्त नायट्रेट त्यात विरघळलेले असते. काचकांडीने पात्राची आतली बाजू पातळीखाली खरवडा किंवा नायट्रेटचा एक बारीक खडा टाका. स्फटिक लगेच सुरू होतात.

मग गाळा. कागदावरच्या स्फटिकांवर बर्फाइतके गार ५ मिली पाणी हळूहळू फिरवा. या धुण्यात साधारण ०.७ ग्रॅम नायट्रेट विरघळून जाते. तेच पाणी ३० अंशांचे असते तर २.३ ग्रॅमपर्यंत गेले असते. मात्र धुण्याचा टप्पा वगळू नका, कारण स्फटिकांवर चिकटलेला ओलावा म्हणजे मिठाचे द्रावणच असते. शेवटी स्फटिक दोन गाळणकागदांमध्ये दाबून रात्रभर उघड्यावर वाळवा.

किती मिळायला हवे

२० अंशांना ५० ग्रॅम पाणी १५.८ ग्रॅम नायट्रेट धरून ठेवते, म्हणजे २९.२ ग्रॅम बाहेर पडते. ० अंशांना ते फक्त ६.६५ ग्रॅम धरते, म्हणून ३८ ग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळतात. ५ ग्रॅम मिठाला मात्र त्या थंडीतही जागा भरपूर आहे (५० ग्रॅम पाण्यात जवळजवळ १८ ग्रॅम मावते), म्हणून ते द्रावणातच राहते. दोन क्षार एकत्र असले की आकडे किंचित सरकतात, तेव्हा ग्रॅमच्या दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. ३९ च्या वर वजन आले तर ते ओल्या स्फटिकांचे समजा आणि पुन्हा वाळवा.

पाण्याच्या मापात हात सैल सोडला की नुकसान मोठे होते. ५० ऐवजी १०० मिली घेतले तर २० अंशांना जेमतेम १३.४ ग्रॅम बाहेर येते, बाकीचे द्रावणात राहते. आणि पाणी पूर्ण आटवून टाकले तर सुरुवातीचेच मिश्रण पुन्हा हाती येते. विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा हीच चूक करतात.

शुद्ध झाले की नाही

दिसण्यावरून ठरवू नका. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिली ऊर्ध्वपातित पाणी घ्या. पहिलीत मूळ मिश्रणाची चिमूट, दुसरीत धुतलेल्या स्फटिकांची चिमूट आणि तिसरीत काहीच नको. प्रत्येकीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. पहिलीत सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा, गुठळीदार अवक्षेप (न विरघळणारा साका) पडेल. दुसरीत किंचित दुधी छटा आली तर मीठ अजून शिल्लक आहे. तिसरीही गढूळली तर दोष पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच, म्हणून इथे ते चालत नाही. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागले की काळे डाग पडतात, हातमोजे घाला. उरलेला चांदीचा कचरा बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमवा.

छटा दिसली तर ३८ ग्रॅम स्फटिक ३८ मिली पाण्यात घेऊन तीच कृती पुन्हा करा. दुसऱ्या फेरीनंतर मीठ सहसा एवढे कमी होते की चाचणीत दिसत नाही.

विद्राव्यता स्वतः मोजायची असेल तर

सुरुवात मिठापासून करा, ते सोपे जाते. ५० मिली पाण्यात २५ ग्रॅम मीठ १० मिनिटे ढवळा. तळाशी न विरघळलेले मीठ उरलेच पाहिजे, नाहीतर द्रावण संपृक्त झाले, म्हणजे त्यात आणखी मीठ मावत नाही, असे म्हणता येत नाही. तापमान नोंदवा आणि कोरड्या गाळणकागदातून गाळा. समजा, रिकामी बाष्पनबशी ४५.२० ग्रॅम, द्रावणासह ६९.२० आणि आटवून गार केल्यावर ५१.५४ भरली. मीठ ६.३४ ग्रॅम, पाणी १७.६६ ग्रॅम. ६.३४ ला १७.६६ ने भागून १०० ने गुणले की ३५.९ येते. द्रावणाच्या २४ ग्रॅमने भागले तर २६.४ येते, ती वस्तुमान टक्केवारी, विद्राव्यता नव्हे.

आटवताना शेवटी शेवटी मीठ तडतडून बशीबाहेर उडते. ०.३ ग्रॅम उडाले तरी उत्तर ३३.६ वर घसरते. म्हणून बशी उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवावी आणि वर उलटे नरसाळे धरावे. उलट, अर्धा ग्रॅम पाणी मिठात राहून गेले तर उत्तर ३९.९ पर्यंत फुगते. लागोपाठची दोन वजने सारखी येईपर्यंत बशी तापवणे, गार करणे आणि तोलणे चालू ठेवा. गरम बशी काट्यावर ठेवू नका, वर चढणाऱ्या हवेमुळे ती हलकी भरते.